राजकीय सीमारेषा : त्यांचे रूप आणि त्यांमागील तर्क

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत सीमाविवाद हे एक पद आहे. दोन गावांमध्ये शिवेविषयी वाद उत्पन्न झाला असता तो ज्येष्ठ महिन्यात, म्हणजे जमीन उघडी पडून खुणा स्पष्ट दिसू लागतात त्या वेळी, मिटवावा असे तेथे सांगितले आहे. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सावर असे दीर्घकाळ टिकणारे वृक्ष लावावेत, तळी, विहिरी व देवळे बांधावीत. आणि उघड्या खुणा लोक नाहीशा करतात म्हणून हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसे अशा न कुजणाऱ्या वस्तू जमिनीत गुप्तपणे पुरून ठेवाव्यात, असाही उपदेश आहे. खुणांनी निर्णय न झाल्यास साक्षीदारांनी तांबडी वस्त्रे नेसून, गळ्यात माळा घालून आणि मस्तकावर माती घेऊन शीव चालत दाखवावयाची असते. ह्या सर्व विधीत एक गोष्ट लक्षणीय आहे. येथे शीव प्रथम भूमीवर असते, नंतर स्मृतीत असते आणि लेखात ती आलीच तर सर्वांत शेवटी येते.

आधुनिक राज्यांच्या सीमांचा क्रम ह्याच्या नेमका उलट आहे. प्रथम एखाद्या राजधानीतील मेजावर नकाशा पसरला जातो, त्यावर रेषा ओढली जाते, तिचे शब्दांत वर्णन होते आणि पुष्कळ वर्षांनी कोणी मोजणीदार त्या रेषेचा शोध घेत प्रत्यक्ष भूमीवर येतो. क्रमाच्या ह्या उलटापालटीमुळे सीमेला एक दृश्य रूप प्राप्त झाले. ती सरळ आहे की वाकडी, स्वच्छ आहे की विस्कळीत, हे डोळ्याने पाहून ठरविता येऊ लागले. आणि जे डोळ्याला सुबक दिसते ते बुद्धीलाही युक्त वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव आहे. सीमारेषेचे रूप आणि तिच्यामागील तर्क ह्यांचा परस्परसंबंध काय आहे, आणि रूपाच्या मोहाने तर्क कोठे झाकला जातो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विचार केवळ कुतूहलाचा नाही, कारण रेषा कोणत्या तत्त्वाने ओढली जाते ह्यावर तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे नागरिकत्व, शिक्षणाची भाषा, कालव्याचे पाणी आणि कित्येक वेळा जीवितही अवलंबून राहिले आहे.

१. रेषेच्या तीन अवस्था

‘सीमा आखणे’ हा शब्दप्रयोग आपण सैलपणे करतो. वस्तुतः त्यात तीन निरनिराळ्या क्रिया अंतर्भूत आहेत. पहिली क्रिया प्रदेशवाटपाची. अमुक खोरे ह्याचे, तमुक जिल्हा त्याचा, असा राजकीय निर्णय तीत होतो. दुसरी सीमानिर्धारणाची, तीत त्या निर्णयाला तहातील शब्दांचे आणि नकाशातील रेषेचे निश्चित स्वरूप दिले जाते. तिसरी सीमांकनाची; तीत भूमीवर स्तंभ, दगड अथवा कुंपण उभे राहते. फ्रेंच विधिज्ञ लाप्रादेल ह्यांनी १९२८ साली आणि अमेरिकन भूगोलज्ञ स्टीफन जोन्स ह्यांनी १९४५ साली ह्या अवस्थांचे व्यवस्थित विवेचन केले. हा भेद ध्यानात ठेवला नाही तर सीमावादाचे मूळ सापडत नाही. कारण बहुतेक वाद एका अवस्थेतून दुसरीत जाताना उत्पन्न होतात.

एक साधे गणित पाहावे. इंचास आठ मैल ह्या प्रमाणाच्या नकाशावर एक इंचाच्या विसाव्या भागाएवढ्या जाडीची रेषा ओढली, तर भूमीवर त्या रेषेची रुंदी चार दशांश मैल, म्हणजे सुमारे साडेसहाशे मीटर होते. नकाशावर जी गोष्ट निव्वळ लेखणीची जाडी आहे तिच्या पोटात भूमीवर एखादी खिंड, एखादा झरा किंवा एक अख्खी वाडी सहज मावते. रेषेला लांबी असते पण रुंदी नसते, ही भूमितीची व्याख्या. शाईच्या रेषेला मात्र रुंदी असतेच, आणि त्या रुंदीत राहणारी माणसे कोणाची हे रेषा सांगू शकत नाही.

शब्दांचीही हीच गोष्ट आहे. १९४९ सालच्या कराची कराराने काश्मीरातील युद्धबंदी रेषा ज्या बिंदूपर्यंत नेमकी सांगितली तो पुढे एन्‌जे ९८४२ ह्या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्यापुढील वर्णन ‘तेथून उत्तरेस हिमनद्यांपर्यंत’ एवढ्या मोघम आशयाचे ठेवण्यात आले. १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रणरेषा नकाशांवर उतरविली गेली, तीही त्याच बिंदूपाशी थांबली. त्या निर्जन हिमप्रदेशासाठी कोणी भांडणार नाही अशी समजूत ह्या मोघमपणामागे असावी. १९८४ साली सियाचेन हिमनदीवर भारतीय सेना गेली आणि ती समजूत किती अपुरी होती हे दिसून आले. निर्धारणात राहिलेली पोकळी कालांतराने सैन्य भरून काढते, असे येथे म्हणावे लागते.

२. सरळ रेषेचा मोह

सीमारेषांत सर्वांत सुबक म्हणजे अक्षवृत्तावरून अथवा रेखावृत्तावरून जाणारी सरळ रेषा. तिला स्वतःचा असा एक तर्क आहे. जेथे भूप्रदेशाचे ज्ञान नाही, मोजणी झालेली नाही, नद्यांची नावेही निश्चित नाहीत, तेथे आकाशातील ताऱ्यांच्या आधारे ठरणारे अक्षवृत्त हीच एक निःसंदिग्ध गोष्ट असते. तहात ती एका ओळीत सांगता येते आणि तिच्या अर्थाविषयी दुमत होण्याचा संभव कमी असतो.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि ब्रिटन ह्यांनी १८१८ साली लेक ऑफ द वुड्स ह्या सरोवरापासून रॉकी पर्वतापर्यंत ४९ अंश उत्तर अक्षवृत्त सीमा म्हणून स्वीकारले, आणि १८४६ च्या ऑरेगॉन तहाने ते पश्चिमेस समुद्रापर्यंत वाढविले. रिचर्ड हार्टशोर्न ह्या भूगोलज्ञाने १९३६ साली सीमांचे जे वर्गीकरण केले त्यात वस्ती होण्यापूर्वीच आखलेल्या सीमांना पूर्वगामी सीमा म्हटले आहे, आणि ह्या रेषेचे उदाहरण तेथे नेहमी दिले जाते. तथापि ‘वस्तीपूर्वी’ हा शब्द येथे जपून वाचला पाहिजे. ज्या गवताळ प्रदेशातून ही रेषा गेली तेथे ब्लॅकफूट आदी लोक पिढ्यान्‌पिढ्या गव्यांच्या कळपांमागे फिरत होते. त्यांना मोजणीत धरले नाही म्हणूनच रेषा पूर्वगामी ठरली. त्यांना धरले तर ती वरून लादलेली, म्हणजे हार्टशोर्नच्याच परिभाषेत अध्यारोपित, ठरते. वर्गीकरणाची कसोटी रेषेत नसून आपण कोणाला रहिवासी समजतो ह्यात आहे.

शिवाय सरळ रेषा भूमीवर सरळ उतरत नाही. त्या काळच्या मोजणीदारांनी ताऱ्यांच्या वेधावरून अक्षांश काढले, पण पर्वतांच्या आकर्षणाने ओळंबा किंचित कलतो आणि वेध चुकतो. त्यामुळे स्तंभ काही ठिकाणी खऱ्या अक्षवृत्ताच्या उत्तरेस तर काही ठिकाणी दक्षिणेस शेकडो फूट सरकलेले आहेत. पुढे दोन्ही राष्ट्रांनी शहाणपणाने असे मानले की, उभे केलेले स्तंभ आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा हीच सीमा. आकाशातील वृत्तापेक्षा जमिनीवरील खूण श्रेष्ठ ठरली, म्हणजे सीमा पुन्हा स्मृतिकारांच्या मार्गावर आली. ह्याच रेषेने पॉइंट रॉबर्ट्‌स नावाचे भूशिर मुख्य भूमीपासून तोडले आहे. तेथील अमेरिकन नागरिकाला स्वतःच्या राज्यात खुष्कीने जावयाचे असल्यास कॅनडातून जावे लागते. लंडन आणि वॉशिंग्टन येथे तह करणाऱ्यांच्या दृष्टीने हा रेषेच्या टोकाचा एक ठिपका होता.

आफ्रिकेतील एक उदाहरण ह्याहूनही बोधप्रद आहे. १८९९ च्या कराराने ईजिप्त व सुदान ह्यांच्यामध्ये २२ अंश उत्तर अक्षवृत्त ही सीमा ठरली. १९०२ साली असे आढळून आले की ह्या रेषेच्या उत्तरेस समुद्रकाठी राहणाऱ्या जमातींचे लागेबांधे खार्टूमकडे आहेत, तर दक्षिणेकडील एका लहानशा प्रदेशात अस्वानकडील अबाब्दा लोकांची कुरणे आहेत. म्हणून कारभाराच्या सोयीसाठी एक दुसरी, वाकडी रेषा आखली गेली. तिच्यामुळे हलाइबचा सुमारे २०,५८० चौरस किलोमीटरांचा त्रिकोण सुदानच्या कारभाराखाली आणि बीर तवीलचा सुमारे २,०६० चौरस किलोमीटरांचा तुकडा ईजिप्तच्या कारभाराखाली आला. पुढे दोन्ही देश स्वतंत्र झाल्यावर ईजिप्तने १८९९ ची सरळ रेषा खरी मानली आणि सुदानने १९०२ ची वाकडी. समुद्रकिनारा असलेले हलाइब दोघांनाही हवे आहे. परंतु जी रेषा मान्य केली असता हलाइब मिळते तीच रेषा बीर तवील परक्याला देते. परिणामी बीर तवीलवर दोहोंपैकी एकही राज्य हक्क सांगत नाही. ह्या प्रकरणात सरळ रेषा चूक आणि वाकडी बरोबर असा निर्णय सहज देता येईल असे प्रथमदर्शनी वाटते, कारण दुसरी रेषा माणसे पाहून आखलेली होती. परंतु तीही परकीय सत्तेने, तात्पुरत्या सोयीसाठी आणि त्या माणसांना न विचारता आखलेली होती, हे विसरता येत नाही.

३. निसर्गाच्या नावाने

सरळ रेषेला कृत्रिम म्हणून दूषण देणारे लोक तिच्याऐवजी नैसर्गिक सीमा सुचवितात. लॉर्ड कर्झन ह्यांनी १९०७ साली ऑक्सफर्ड येथे सीमांविषयी जे प्रसिद्ध व्याख्यान दिले त्यातही नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद केलेला आहे. नदी आणि पर्वत ह्यांना नकाशावर एक भव्यता असते. ती कोणा मुत्सद्द्याने केलेली नसल्यामुळे निःपक्षपाती भासते. तथापि नदी वाहते एवढेच निसर्गाचे कार्य आहे. ती विभागते हे मनुष्याचे म्हणणे आहे. नदीच्या दोन्ही काठांवर एकच शेतकरी समाज, एकच बाजारपेठ आणि एकच बोली असते, हा कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांना नित्याचा अनुभव आहे.

नदीची दुसरी अडचण ही की ती स्थिर राहत नाही. रिओ ग्रांदे ही नदी १८४८ च्या तहाने मेक्सिको व संयुक्त संस्थाने ह्यांच्यातील सीमा झाली. पुढील दशकांत एल पासो शहराजवळ ती दक्षिणेकडे सरकत गेली, आणि १८६४ च्या पुराने त्यात भर पडली. जी मेक्सिकोची भूमी पूर्वी नदीच्या दक्षिणेस होती ती उत्तरेस आली. आंतरराष्ट्रीय विधीचा सर्वसाधारण नियम असा की, नदी हळूहळू गाळ टाकीत सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकते. एकाएकी पात्र सोडून दुसरीकडून वाहू लागली तर सीमा जुन्या पात्रातच राहते. नियम स्वच्छ आहे, पण एल पासो येथे नदीने दोन्ही प्रकार केले होते. १९११ साली लवादाने हा चामिसाल नावाचा भूभाग विभागून देण्याचा निर्णय दिला, तो संयुक्त संस्थानांनी मानला नाही. अखेर १९६३ साली तडजोड झाली, नदीसाठी काँक्रीटचे नवे पात्र बांधण्यात आले आणि एल पासोमधील पाच हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. नैसर्गिक सीमा टिकविण्यासाठी नदीच कृत्रिम करावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पर्वताचे उदाहरण अँडीजचे. अर्जेंटिना व चिली ह्यांच्यातील १८८१ च्या तहाने, जी उंच शिखरे पाण्याचे विभाजन करतात त्यांवरून सीमा जावी असे ठरले. तह करणाऱ्यांनी असे गृहीत धरले होते की सर्वांत उंच शिखरांची रांग आणि जलविभाजक रेषा एकच असतात. दक्षिण अँडीजमध्ये तसे नाही. तेथे कित्येक नद्या शिखरांच्या पूर्वेस उगम पावून रांग भेदून पॅसिफिककडे जातात. अर्जेंटिनाने शिखरे धरली, चिलीने जलविभाजक धरला. एकाच वाक्यातील दोन शब्दांतून दोन सीमा निघाल्या. ब्रिटनच्या राजाकडे लवाद सोपविला गेला आणि सर टॉमस होल्डिच, ज्यांची उमेद भारताच्या सर्वेक्षण खात्यात आणि वायव्य सरहद्दीच्या सीमा-आयोगांवर गेली होती, ते पाहणीसाठी तेथे गेले. एका वादग्रस्त खोऱ्यात वेल्श वसाहतवाले राहत होते. १९०२ साली त्यांचे म्हणणे विचारण्यात आले आणि त्यांनी अर्जेंटिनाच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षीच्या निवाड्यात शिखरे किंवा जलविभाजक ह्यांपैकी कोणतेच एक तत्त्व संपूर्णपणे न स्वीकारता मधली वाट काढण्यात आली. पर्वताने जे सांगितले नाही ते शेवटी माणसांना विचारावे लागले.

४. नकाशाचे प्रामाण्य

शब्द आणि नकाशा ह्यांत विरोध आला तर कोणते प्रमाण मानावे? ह्या प्रश्नाचे अभ्यसनीय उत्तर प्रेआह विहार मंदिराच्या खटल्यात मिळते. फ्रान्स आणि सयाम ह्यांच्यातील १९०४ च्या तहाप्रमाणे कंबोडियाची त्या भागातील सीमा जलविभाजकावरून जावयाची होती. १९०७ साली फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या नकाशात मात्र कड्याच्या टोकावरील हे प्राचीन शिवमंदिर कंबोडियात दाखविले गेले. सयामला नकाशा मिळाला. त्याने आक्षेप घेतला नाही, उलट आणखी प्रती मागविल्या. १९३० साली सयामचे राजपुत्र दामरोंग मंदिर पाहावयास गेले असता फ्रेंच अधिकाऱ्याने त्यांचे अधिकृत स्वागत केले, त्यालाही हरकत घेण्यात आली नाही. १९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाचे ठरविले. खरा जलविभाजक कोठे आहे ह्याची चौकशी करण्याची न्यायालयाला आवश्यकताच वाटली नाही. दीर्घकाळच्या मौनाने नकाशा तहाचा भाग झाला होता.

ह्या निर्णयातील तत्त्व स्थैर्याचे आहे आणि ते उपेक्षणीय नाही. सीमा दर पिढीस नव्याने तपासू लागलो तर शांतता अशक्य होईल. आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९६४ साली कैरो येथे, स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा होत्या त्यांचा आदर करण्याचा ठराव केला, तोही ह्याच जाणिवेने. त्या सीमा न्याय्य आहेत असे त्यात म्हटलेले नाही. तथापि अभ्यासकाने येथे एक भेद करावा. जुनी चूक कायम ठेवण्यास सबळ कारण असू शकते. ते कारण त्या चुकीला बरोबर ठरवीत नाही.

५. माणसे मोजून काढलेली रेषा

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रकार. धर्म अथवा भाषा ह्यांच्या बहुसंख्येवरून सीमा ठरवावी, असे विसाव्या शतकात वारंवार ठरविले गेले. ह्या तत्त्वाचे नैतिक आकर्षण उघड आहे, कारण येथे रेषा माणसांमागून चालते. परंतु बहुसंख्या ही कोणत्या तरी क्षेत्रात मोजावी लागते, आणि क्षेत्र बदलले की बहुसंख्या बदलते. हा मुद्दा उदाहरणाने स्पष्ट करतो.

समजा, एका तालुक्यात हजार-हजार वस्तीची चार खेडी आणि त्यांच्या मधोमध सहा हजार वस्तीचे एक शहर आहे. प्रत्येक खेड्यात ‘अ’ भाषिक ७०० आणि ‘ब’ भाषिक ३०० आहेत. शहरात ‘ब’ भाषिक ४,२०० आणि ‘अ’ भाषिक १,८०० आहेत. तालुका हा घटक धरला तर एकूण १०,००० लोकांत ‘ब’ ५,४०० आणि ‘अ’ ४,६०० भरतात. सगळा तालुका ‘ब’ राज्यात जातो आणि त्याबरोबर ‘अ’ बहुसंख्येची चारही खेडी जातात. खेडे हा घटक धरला तर खेडी ‘अ’ राज्यात आणि शहर ‘ब’ राज्यात जाते. पण शहर चहूकडून वेढलेले बेट होऊन बसते. बेट नको म्हणून भौगोलिक सलगतेची अट घातली आणि शहराने भोवतालच्या खेड्यांबरोबर जावे असे म्हटले, तर सगळा तालुका ‘अ’ राज्यात जातो. जनगणनेचा एकही आकडा न बदलता तीन सीमा निघतात. तेव्हा आकडे निर्णय देतात हा समज भ्रामक आहे. निर्णय घटकाच्या निवडीत आधीच झालेला असतो.

१९४७ च्या फाळणीत ह्या तत्त्वाची कसोटी अत्यंत भयंकर परिस्थितीत लागली. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै रोजी भारतात आले आणि त्यांचे निवाडे १७ ऑगस्ट रोजी, म्हणजे दोन्ही राज्ये स्वतंत्र झाल्यानंतर, प्रसिद्ध झाले. मुस्लिम आणि मुस्लिमेतर बहुसंख्येचे सलग प्रदेश शोधून सीमा ठरवावी आणि तसे करताना अन्य बाबींचाही विचार करावा, अशी त्यांना सूचना होती. अन्य बाबी कोणत्या, हे सांगितलेले नव्हते. घटकही सांगितलेला नव्हता. गुरुदासपूर जिल्हा एकत्र धरला तर त्यात मुस्लिमांचे अल्पसे मताधिक्य होते. तहसील धरली तर पठाणकोट मुस्लिमेतर बहुसंख्येची होती. निवाड्याने रावीपलीकडील शकरगढ तहसील पाकिस्तानला आणि उरलेल्या तीन भारताला दिल्या. ह्या निर्णयाविषयी दोन्ही देशांत आजवर वाद चालू आहे, आणि तो मिटण्यासारखा नाही, कारण निर्णय ज्या नियमाने झाला तो नियम आधी जाहीर झालेलाच नव्हता. रॅडक्लिफ ह्यांची एक सावधगिरी मात्र नमूद केली पाहिजे. जेथे रेषा नदीच्या कडेने जाते तेथे नदीचे प्रत्यक्ष पात्र ही सीमा नसून तहसिलीची हद्द ही सीमा होय, असे त्यांनी स्पष्ट केले. पंजाबच्या नद्या पात्र बदलतात हे लक्षात घेता ही तरतूद योग्य होती. तरीही सीमा प्रत्यक्ष भूमीवर ठरविताना वाद झालेच, आणि पूर्वेकडे त्यांतील काहींच्या निवारणासाठी बागे ह्या स्वीडिश न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण नेमावे लागले. त्याचा निर्णय १९५० साली आला.

ह्याच फाळणीने कूचबिहारच्या छिटमहालांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय केला. जुन्या काळी मोगल सत्ता आणि कूचबिहारचे राज्य ह्यांच्यात तह झाला तेव्हा एकमेकांच्या हद्दीत विखुरलेल्या जमिनी ज्याच्या त्याच्याकडे राहिल्या. जोपर्यंत ये-जा मोकळी होती तोपर्यंत ह्या तुकड्यांनी कोणाचे फारसे अडले नाही. मध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आल्यावर मात्र भारताचे १११ तुकडे बांगला देशाच्या पोटात आणि बांगला देशाचे ५१ तुकडे भारताच्या पोटात अडकले. त्यांत दहाला खगराबाडी हा भारतीय तुकडा बांगला देशी तुकड्याच्या आत, तो भारतीय तुकड्याच्या आत आणि तो बांगला देशाच्या आत असा होता. नकाशांचे षौकीन ह्या आकृतीकडे मोठ्या कौतुकाने पाहत. २०११ च्या संयुक्त गणनेत तेथे ५१,५४९ माणसे राहत असल्याचे आढळले. त्यांना स्वतःच्या देशातील शाळा, दवाखाना अथवा पोलीस ठाणे गाठावयाचे तर परदेश ओलांडावा लागे. १९७४ सालच्या इंदिरा-मुजीब कराराने अदलाबदल ठरली. ती अमलात येण्यास २०१५ साली शंभरावी घटनादुरुस्ती व्हावी लागली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री तुकडे विलीन झाले. त्या वेळी रहिवाशांना नागरिकत्वाची निवड देण्यात आली. बांगला देशात गेलेल्या भारतीय तुकड्यांतील सदतीस हजारांवर लोकांपैकी भारतात येण्याचा पर्याय एक हजाराहून कमी लोकांनी घेतला. बाकीच्यांना रेषा वाकडी असल्याचे दुःख नव्हते. राहत्या घरापर्यंत कोणते तरी राज्य पोचावे एवढीच त्यांची अपेक्षा होती असे ह्यावरून दिसते.

६. भाषिक राज्ये आणि घटकाचा प्रश्न

भारतांतर्गत राज्यसीमा ओलांडताना कोणाला पारपत्र लागत नाही. तथापि कचेरीची भाषा, शाळेचे माध्यम आणि नोकरीची संधी ह्या रेषेवर बदलतात. म्हणून तीही माणसाच्या जीवनात खोलवर शिरते. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली एखादे राज्य एकभाषिक मानण्यास सत्तर टक्के बहुसंख्या लागते असे धरले आणि बेळगाव जिल्ह्यापैकी चंदगड तालुका वगळून उरलेला जिल्हा कर्नाटकास द्यावा अशी शिफारस केली. ती १९५६ च्या कायद्यात उतरली. आंध्र आणि मद्रास ह्यांच्या सीमेसाठी मध्यस्थ म्हणून नेमलेल्या ह. वि. पाटसकर ह्यांनी मात्र खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही सूत्रे लावली, आणि १ एप्रिल १९६० पासून तिरुत्तणीसह काही प्रदेश मद्रास राज्यात गेला. हीच सूत्रे, त्यांत लोकेच्छेची भर घालून, आपल्या सीमेस लावावीत अशी महाराष्ट्राची मागणी १९५७ पासून आहे. तिच्यात ८१४ गावांचा समावेश होता.

१९६६ साली ह्या प्रश्नासाठी जो एकसदस्य आयोग नेमला गेला त्याचे न्यायमूर्ती मेहरचंद महाजन हे १९४७ साली पंजाब सीमा-आयोगाचेही सदस्य होते. दोन्ही प्रसंगी घटकाचा प्रश्न त्यांच्यासमोर आला, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. १९६७ च्या अहवालात त्यांनी २६४ गावे महाराष्ट्रास आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरमध्येच राहावे, असे सुचविले. एकच कसोटी सर्वत्र लावली गेली नाही असा महाराष्ट्राचा आक्षेप राहिला आणि त्याने अहवाल फेटाळला. कर्नाटकाने त्याचा आग्रह धरला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. वादाच्या गुणावगुणांचा निर्णय देण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र वर दिलेल्या काल्पनिक तालुक्याचे उदाहरण पुन्हा पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येईल. दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात भाषेविषयी जेवढा मतभेद आहे त्याहून अधिक मतभेद घटकाविषयी, आधारभूत जनगणनेविषयी आणि शहराने खेड्यांमागे जावे की खेड्यांनी शहरामागे, ह्याविषयी आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, रेषेचे रूप तिच्या न्याय्यतेचा पुरावा होऊ शकत नाही. सरळ रेषा जशी अज्ञानातून निघते तशी वाकडी रेषा हितसंबंधांतून निघू शकते. दुसरा असा की, सीमेचे प्रत्येक तत्त्व, मग ते अक्षवृत्ताचे असो, जलविभाजकाचे असो की बहुसंख्येचे, भूमीवर उतरताना कोठे तरी अपुरे पडते. तेथे पुन्हा माणसाचा निर्णय लागतो आणि त्या निर्णयाची जबाबदारी निसर्गावर किंवा गणितावर टाकता येत नाही. तिसरा निष्कर्ष कार्यपद्धतीचा आहे. घटक कोणता, आकडे कोणत्या वर्षाचे, सलगता म्हणजे काय आणि अपवाद केव्हा, हे नियम रेषा दिसण्यापूर्वी ठरले आणि जाहीर झाले पाहिजेत. परिणाम पाहून निवडलेला नियम, तो कितीही तर्कशुद्ध असला तरी, ज्याच्याविरुद्ध जातो त्याला तो कधीच नियम वाटत नाही.

ह्या विषयावर आपल्या विद्यापीठांतून होण्यासारखे पुष्कळ काम शिल्लक आहे. आंतरराष्ट्रीय तहांचे ग्रंथ सहज उपलब्ध होतात. परंतु आपल्याच सीमाभागातील गावनकाशे, निरनिराळ्या वर्षांच्या जनगणनेतील गाववार भाषिक आकडे आणि बाजारहाट, सोयरीक, पाणी ह्यांचे प्रत्यक्ष संबंध एकत्र ठेवून पाहणारे अभ्यास थोडे आहेत. विद्यार्थ्यांनी एखादा तालुका घेऊन, घटक बदलला असता सीमा किती सरकते आणि तिच्या सरकण्याने किती घरे कोणत्या बाजूस जातात, एवढे जरी प्रत्यक्ष मोजून दाखविले, तरी ह्या चर्चेला आज नसलेला आधार मिळेल. त्यासाठी मात्र नकाशा गुंडाळून ज्येष्ठाच्या उन्हात शिवेवर जाऊन चालावे लागेल.